रोटरी इंजिनाच्या स्पोर्ट्स कारमध्ये कोणते पेट्रोल भरावे : माझदा आरएक्स-८ आणि आरएक्स-७ च्या मालकांसाठी

अमेरिकेतील पेट्रोल पंपावर ‘९१’ हा आकडा महागड्या, प्रीमियम पेट्रोलवर लिहिलेला असतो; दुबईत किंवा मेलबर्नमध्ये तोच आकडा स्वस्त, साध्या पेट्रोलचा असतो. माझदा आरएक्स-८ च्या अमेरिकी पुस्तिकेतील ‘९१ किंवा अधिक’ ही सूचना वाचून जो मालक दुबईच्या पंपावर ९१ चे पेट्रोल भरतो, तो सूचना अक्षरशः पाळतो आणि तरीही गाडीला सांगितल्यापेक्षा चार-पाच अंकांनी कमी प्रतीचे पेट्रोल देतो. रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तीनकोनी फिरता रोटर असलेल्या, गाड्यांच्या इंधनाविषयी जे परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात, त्यांतील निदान काही या एकाच गोंधळातून आलेले आहेत, आणि उरलेल्यांपैकी बरेचसे टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारे यंत्र) असलेल्या आणि टर्बो नसलेल्या इंजिनांना एकाच मापाने मोजल्यामुळे निर्माण झाले आहेत. पेट्रोलची निवड गाडीच्या रूपावरून किंवा तिच्या ख्यातीवरून करायची नसते. इंजिनात हवा कशी शिरते आणि त्याचे मॅपिंग (ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे साठवलेले आकडे) कोणत्या पेट्रोलसाठी केले आहे, एवढ्यावरच ती ठरते.

माझदाने आपल्या मोटारी भारतात अधिकृतपणे कधी विकल्या नाहीत; आपल्याकडे हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबस आणि मालवाहू गाड्यांमुळेच परिचयाचे आहे. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः आखात, ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि तेथे स्वस्तात मिळणारी जुनी आरएक्स-८ घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांना उपयोगी पडेल. भारतातील पेट्रोलचा विचार इथेनॉलच्या भागात केला आहे, कारण आयात केलेल्या मोजक्या गाड्यांना खरी अडचण तेथेच येते.

आधी मोजपट्टी ओळखा

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे किंवा ते किती स्वच्छ आहे हे सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढल्यावर, ठिणगी पोहोचण्याआधीच आपोआप पेटण्याला ते पेट्रोल किती काळ दाद देत नाही, एवढेच तो सांगतो. जगाच्या बहुतेक भागांत, म्हणजे युरोप, आखात, भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया येथे, पंपावर ‘रिसर्च’ पद्धतीचा आकडा लिहितात. अमेरिका आणि कॅनडात ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितात. ‘मोटर’ पद्धतीत चाचणीचे इंजिन अधिक वेगाने आणि अधिक तापलेल्या मिश्रणावर चालवले जात असल्यामुळे तिचा आकडा कमी येतो, आणि साहजिकच सरासरीही खाली जाते. व्यवहारात असे धरावे की अमेरिकेतील ८७ म्हणजे इतरत्रचे साधारण ९१ ते ९२, ९१ म्हणजे ९५ ते ९६ आणि ९३ म्हणजे सुमारे ९८. हे रूपांतर अगदी काटेकोर होऊ शकत नाही, कारण प्रत्येक पेट्रोलमध्ये या दोन पद्धतींच्या आकड्यांतील अंतर थोडे वेगळे असते; परंतु पंपावर निर्णय घेण्यासाठी ते पुरेसे आहे.

आता गाडीकडे वळू. आरएक्स-८ च्या अमेरिकी पुस्तिकेत प्रीमियम, म्हणजे अमेरिकी मापाने ९१ किंवा त्याहून अधिक पेट्रोलची शिफारस आहे. ८७ ते ९० चे पेट्रोल वापरण्यास परवानगी आहे, मात्र त्याने गाडीची कामगिरी किंचित कमी होईल असेही सांगितले आहे. युरोपातील गाड्यांसाठी ९५ चा आकडा दिलेला असतो, आणि वरील रूपांतर लक्षात घेतले तर तो अमेरिकी ९१ पासून फारसा दूर नाही. गाडी ज्या देशासाठी बनली त्या देशाची पुस्तिका आणि पेट्रोलच्या झाकणाजवळचे लेबल हाच पहिला आधार मानावा. गाडी एका देशातून दुसऱ्या देशात आणलेली असेल, तर लेबलावरील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी निश्चित करावे. जपानमधून आलेल्या गाडीवरील लेबल जपानीत असते आणि त्यावर पुष्कळदा आकडा नसून केवळ प्रत लिहिलेली असते. जपानी मानकानुसार साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ८९ आणि वरच्या प्रतीचे किमान ९६ असते. प्रत्यक्ष बाजारात वरच्या प्रतीचे पेट्रोल ९८ ते १०० पर्यंत जाते. ही शेवटची बाब पुढे आरएक्स-७ च्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

रोटरी इंजिनाची खरी गरज किती

मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणाऱ्या इंजिनाला सर्वांत वरच्या प्रतीचे पेट्रोल लागणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इंजिनाची रचना पाहिली तर गोष्ट वेगळी दिसते. पिस्टन इंजिनात मिश्रण आत येणे, दाबले जाणे, पेटणे आणि धूर बाहेर जाणे या चारही क्रिया एकाच जागी होतात, त्यामुळे ताजे मिश्रण तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारीच येऊन पडते. रोटरी इंजिनात या क्रिया हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, वेगवेगळ्या भागांत होतात. मिश्रण जेथे आत येते ती बाजू तुलनेने थंड राहते आणि व्हॉल्व्ह तर नसतातच. ज्वलनकक्ष लांबट, पातळ आणि सरकता असतो. त्याच्या आकारमानाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे बरीच उष्णता धातूत जिरते. याच कारणाने रोटरी गाडीचे मायलेज कमी असते, आणि त्याच कारणाने टर्बो नसलेले रोटरी इंजिन नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्याला, सहजासहजी बळी पडत नाही. आत येणारा वायू तापलेल्या जागेला शिवत नाही या गुणामुळेच माझदाला हे इंजिन हायड्रोजनवरही चालवून पाहता आले. हायड्रोजन आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी आरएक्स-८ कंपनीने २००६ पासून जपानमध्ये भाडेकरारावर दिली होती.

आरएक्स-८ मधील रेनेसिस इंजिन १,३०८ सीसीचे, दोन रोटरचे आणि टर्बोविरहित आहे. त्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पटीने दाबले जाते तो आकडा, १०:१ आहे. त्याच काळातील होंडा एस२००० चा रेशो ११:१ किंवा त्याहून अधिक होता. म्हणजे केवळ दाबाचा विचार केला तर रेनेसिस सौम्य इंजिन आहे.

मग पुस्तिका प्रीमियम पेट्रोल का सुचवते? याचे उत्तर नॉकिंगच्या शक्यतेपेक्षा त्याने होणाऱ्या नुकसानीत आहे. रोटरच्या तिन्ही कोपऱ्यांवर एपेक्स सील असतात आणि हाउसिंगवरून घासत जाऊन तेच प्रत्येक कक्ष बंद ठेवतात. पिस्टन इंजिन थोडेफार नॉकिंग बराच काळ सहन करते. एपेक्स सीलला जोराचा ठोका बसला तर ते तडकू शकते, त्याचा तुकडा हाउसिंगवर ओरखडे पाडतो आणि एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो. टर्बो असेल तर तो तुकडा थेट टर्बाइनवर आदळतो. एवढे झाल्यावर एखादा भाग बदलून काम भागत नाही, कारण हे इंजिन एकावर एक रचलेल्या थरांचे असते आणि एक सील बदलण्यासाठीही ते पूर्ण उघडावे लागते. त्यातही रोटरी इंजिनाच्या मूळच्या आवाजात आणि एक्झॉस्टच्या गोंगाटात नॉकिंगचा ठोका कानाला सहसा ऐकूच येत नाही. ‘आवाज आला तर वरचे पेट्रोल भरू’ हा पिस्टन गाडीतला व्यवहार म्हणूनच येथे लागू पडत नाही.

आरएक्स-८ साठी निर्णय

मूळ अवस्थेतील, मॅपिंगला हात न लावलेल्या आरएक्स-८ साठी ९५ ऑक्टेनचे पेट्रोल, आणि अमेरिकेत ९१ चे, हीच निवड मला योग्य वाटते. कॅलिफोर्नियात प्रीमियम साधारणपणे ९१ चेच असते, पूर्व किनाऱ्यावर ते ९३ चे मिळते, दोन्ही चालतील. दुबईत ९५ चे ‘स्पेशल’ भरावे, तेथील ९८ च्या ‘सुपर’ची या गाडीला आवश्यकता नाही. ऑस्ट्रेलियात ९५ आणि ९८ शेजारीशेजारी असतात. ९५ पुरेसे आहे. ९८ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने मूळ रेनेसिसची ताकद जाणवण्याइतकी वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण कारखान्यातून आलेल्या मॅपिंगमध्ये त्या जादा ऑक्टेनचा उपयोग करून घेण्याची सोय नसते. पुष्कळ मालक ‘गाडी हलकी पळते’ असे सांगतात. बरेचदा त्याच वेळी त्यांनी प्लग किंवा कॉइल बदललेल्या असतात, आणि या गाडीच्या इग्निशन कॉइल लवकर थकतात हे पाहता फरक तेथूनच आलेला असण्याची शक्यता अधिक आहे.

याच्या उलट, ‘रोटरीला साधेच पेट्रोल मानवते, कारण ते लवकर जळते’ असे आग्रहाने सांगणारेही भेटतात. कमी ऑक्टेनचे पेट्रोल अधिक सहजपणे आपोआप पेटते हे खरे. परंतु ठिणगीने पेटलेली ज्वाला कक्षात किती वेगाने पसरते हे ऑक्टेनवर नव्हे, तर मिश्रणाचे प्रमाण, त्यातील खळबळ आणि पेट्रोलची रासायनिक घडण यांवर अवलंबून असते. अमेरिकेतील सुरुवातीच्या टर्बोविरहित आरएक्स-७ साध्या पेट्रोलवर चालत असत आणि या समजुतीला त्या आठवणीचा आधार असावा. ती इंजिने वेगळी होती, त्यांचा कॉम्प्रेशन रेशो कमी होता. पुस्तिकेने दिलेली सवलत घेऊन अमेरिकेत ८७ चे पेट्रोल शांतपणे रोज कामावर जाण्या-येण्यासाठी वापरणारे आहेत, आणि त्यांना चूक ठरवण्याचे कारण नाही. पण कडक उन्हाळा, लांब चढण, गाडीत भरलेली माणसे आणि सामान, किंवा ट्रॅकवरील दिवस, यांपैकी काहीही समोर असेल तर ती सवलत घेऊ नये. कोलोरॅडोसारख्या उंच राज्यांत ८५ चे पेट्रोलही विकले जाते. विरळ हवेमुळे तेथे नॉकिंगचा धोका कमी होतो हे खरे असले, तरी पुस्तिकेने घातलेल्या ८७ च्या मर्यादेखाली जाऊ नये, विशेषतः त्याच टाकीवर डोंगर उतरून सखल भागात जायचे असेल तर.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने मांडावा. अमेरिकी सरकारी चाचणीत मॅन्युअल गिअरच्या आरएक्स-८ चे मायलेज शहरात गॅलनला १६ आणि महामार्गावर २२ मैल दिलेले आहे, म्हणजे लिटरला साधारण ६.८ आणि ९.४ किलोमीटर. सरासरी ८ धरली, तर वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला १,२५० लिटर पेट्रोल लागेल. दोन प्रतींच्या दरांतील फरकाला १,२५० ने गुणून येणारी रक्कम एका बाजूला ठेवावी आणि जवळच्या रोटरी तज्ज्ञाने इंजिन उघडून बांधण्यासाठी सांगितलेला आकडा दुसऱ्या बाजूला. निर्णयासाठी आणखी काही पाहावे लागणार नाही.

चुकून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेले, तर टाकी रिकामी करण्याची घाई करू नये. ऑक्टेन साधारणपणे प्रमाणानुसार मिसळते: ३० लिटर ९१ च्या पेट्रोलमध्ये ३० लिटर ९८ चे मिसळले की मिश्रण ९४ ते ९५ च्या आसपास येते. टाकी अर्धी होईपर्यंत गाडी जपून चालवावी, वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये, आणि मग वरच्या प्रतीचे पेट्रोल भरून घ्यावे.

टर्बो असलेल्या आरएक्स-७ ची गोष्ट निराळी

१९९१ ते २००२ या काळात बनलेल्या एफडी मालिकेच्या आरएक्स-७ मध्ये १३बी-आरईडब्ल्यू हे इंजिन आहे. त्याचा कॉम्प्रेशन रेशो ९:१, म्हणजे आरएक्स-८ पेक्षा कमी आहे. केवळ हा आकडा पाहून ‘याला तर साधे पेट्रोल चालेल’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल, कारण दोन टर्बो मिळून वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे ०.७ बार हवा आत ढकलतात आणि ती हवा दाबली गेल्याने तापलेलीही असते. या गाडीत वरच्या प्रतीचे पेट्रोल ही शिफारस नसून अट आहे. ब्रिटनमध्ये सुपर अनलेडेड, म्हणजे ९७ किंवा उपलब्ध असल्यास ९९, भरावे. ऑस्ट्रेलियात आणि आखातात ९८. अमेरिकेत ९३ मिळत असेल तर ९३.

खरी मेख आयात गाड्यांत आहे. जपानमध्ये एखाद्या मालकाने बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) बदलला, आणि ते सगळे काम तेथील १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवले. आयातीसाठी लागणारी पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर ती गाडी अमेरिकेत आली आणि कॅलिफोर्नियात ९१ वर, म्हणजे जपानी मापाच्या ९५-९६ वर, चालू लागली. गाडी सुरू होते, छान पळते, आणि पहिल्या उष्ण दिवशी लांब ओढीखाली सील जाते. अशी गाडी घेतल्यावर पहिला खर्च रंगरंगोटीवर किंवा चाकांवर न करता स्थानिक पेट्रोलवर पुन्हा मॅपिंग करून घेण्यावर करावा. ते होईपर्यंत बूस्ट कारखान्याच्या मूळ पातळीवर आणून ठेवावा.

मॅपिंगला हात लावला नाही, फक्त एक्झॉस्ट मोकळा केला, असे म्हणणारेही सुटत नाहीत. एफडीमध्ये अडथळे काढून एक्झॉस्ट फार मोकळा केला की टर्बोचा दाब आवरणारी मूळ झडप, म्हणजे वेस्टगेट, अपुरी पडते आणि बूस्ट ठरवलेल्या पातळीच्या वर सरकत राहतो. चालकाला ताकद वाढल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात इंजिनाची ऑक्टेनची गरज वाढलेली असते आणि मिश्रण त्या मानाने पातळ, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलचे, होऊ लागलेले असते. बूस्टचा काटा आणि हवा-इंधन प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर बसवल्याखेरीज अशी गाडी कोणत्या पेट्रोलवर सुरक्षित आहे हे सांगता येत नाही. टर्बो रोटरीचे मॅपिंग करणारे तज्ज्ञ पूर्ण बूस्टवर हवेच्या साधारण ११ भागांना पेट्रोलचा १ भाग असे दाट मिश्रण ठेवतात. ते जादा पेट्रोल कक्षाला थंड ठेवण्याच्या कामी येते.

पंपावर मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर भरवसा ठेवू नये. बाटलीवर ‘५ पॉइंट वाढ’ असे लिहिलेले असते तेव्हा पॉइंट म्हणजे अनेकदा एका अंकाचा दहावा भाग असतो, म्हणजे ९१ चे ९१.५ होते. मँगनीजवर किंवा लोखंडाच्या संयुगावर आधारित बूस्टर प्लगवर तांबूस थर चढवतात, आणि रोटरीचे प्लग आधीच महाग असतात. विमानाचे १०० ऑक्टेनचे शिसेयुक्त पेट्रोल मिळवून वापरणारे हौशी लोक आहेत. शिशाने एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही निकामी होतात, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत ते टाकू नये.

इथेनॉल

अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि आरएक्स-८ च्या तेथील पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) झाले, सुपर प्रत मात्र ई५ राहिली. म्हणून तेथे जुन्या आरएक्स-७ च्या मालकाने सुपर घेण्याला ऑक्टेनखेरीज हेही कारण आहे: तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलमुळे मऊ पडतात, फुगतात किंवा चिरतात. पाइप बदललेले नसतील तर इंजिनाच्या डब्यात पेट्रोलचा वास येतो का याकडे नियमित लक्ष द्यावे. रोटरीचा एक्झॉस्ट विलक्षण तापतो आणि त्याच्याजवळ गळणाऱ्या पाइपाचा परिणाम काय होईल हे सांगायला नको.

भारतात आता सर्वत्र मिळणारे साधे पेट्रोल ई२० आहे. ते विकण्याची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. उसावर उभ्या असलेल्या महाराष्ट्राच्या अर्थकारणाला त्याचा लाभ आहे, पण आयात केलेल्या आरएक्स-८ च्या दृष्टीने ते पुस्तिकेच्या मर्यादेबाहेरचे इंधन आहे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, ई२० ला सुमारे १३.५ लागतात, म्हणजे इंजेक्टरने तेवढेच इंधन सोडले तर मिश्रण पातळ होते. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र गणित बरेचसे साठवलेल्या आकड्यांवर चालते आणि तेथे मिश्रण हवे तेवढे दाट राहील याची खात्री देता येत नाही. इथेनॉलने ऑक्टेन वाढते आणि आत येणारी हवाही थोडी थंड होते हे त्याचे गुण खरे आहेत, तरी ते या उणिवेची पूर्ण भरपाई करतीलच असे नाही. भारतात अशा गाडीसाठी १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा पर्याय पाहावा; इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत आणले तेव्हा त्यांत मुंबई आणि पुणे होते. येथे ऑक्टेनच्या आकड्यापेक्षा त्यात इथेनॉल किती हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो घरी तपासता येतो.

त्यासाठी बूच असलेले १०० मिलिलिटरचे काचेचे मोजपात्र घ्यावे. उघड्या जागी, आगीपासून दूर, त्यात आधी २० मिलिलिटर पाणी आणि मग १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतावे. बूच लावून मिनिटभर हलवावे, मधून बूच सैल करून वाफ सोडावी, आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. तो २० वरून २८ पर्यंत गेला, तर ८० मिलिलिटर पेट्रोलमध्ये ८ मिलिलिटर, म्हणजे १० टक्के इथेनॉल होते. ३६ पर्यंत गेला तर २० टक्के. एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक पडू शकतो, पण ई१० आणि ई२० यांतील भेद स्पष्ट कळतो. उरलेले मिश्रण टाकीत किंवा गटारात ओतू नये.

ई८५ हा टर्बो रोटरीवाल्यांचा आवडता विषय आहे आणि त्यामागे कारणही आहे: इतके नॉकिंगरोधक आणि थंडावा देणारे इंधन पंपावर दुसरे मिळत नाही. मात्र त्याला निदान ३० टक्के अधिक इंधन सोडणारे इंजेक्टर आणि पंप लागतात, आणि अमेरिकेत ई८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असे काहीही असू शकते. प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्यानुसार बदलणारे मॅपिंग नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. मूळ आरएक्स-८ साठी त्याचा विचारच करू नये.

पेट्रोलमध्ये तेल मिसळावे का

रोटरी इंजिन स्वतःच थोडे इंजिन ऑइल कक्षात सोडते, कारण एपेक्स सीलला वंगण मिळण्याची दुसरी सोय नसते. आरएक्स-८ च्या २००९ पासूनच्या आवृत्तीत माझदाने प्रत्येक रोटरसाठी तेलाचे दोनऐवजी तीन इंजेक्टर दिले. मधल्या भागाला वंगण कमी पडत असल्याची ती एक प्रकारे कबुलीच होती. म्हणून पूर्वीच्या गाड्यांचे अनेक मालक टाकीत टू-स्ट्रोक तेल घालतात. पुस्तिकेत त्याची शिफारस नाही, परंतु माझ्या मते २००९ पूर्वीच्या गाडीत अल्प प्रमाणात ते घालणे शहाणपणाचे आहे. लिटरला ४ मिलिलिटर, म्हणजे २५० ला १, हे प्रमाण पुरे. ५० लिटर भरताना २०० मिलिलिटर तेल आधी ओतावे आणि मग पेट्रोल सोडावे, म्हणजे ते नीट मिसळते. कमी राख सोडणारे, जेएएसओ एफडी दर्जाचे (हा टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा, आरएक्स-७ च्या एफडी मालिकेशी त्याचा संबंध नाही) तेल घ्यावे. प्रमाण वाढवत नेण्यात लाभ नाही: तेलाने पेट्रोलचे ऑक्टेन किंचित घटते, प्लग काळे होतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर भार येतो.

तेल जाळणाऱ्या इंजिनात कार्बनही अधिक साठतो आणि एपेक्स सील आपल्या खाचेत अडकू लागतात. पेट्रोलमधील स्वच्छक द्रव्यांचे महत्त्व म्हणूनच आहे. अमेरिकेत ‘टॉप टिअर’ हे अधिक स्वच्छक द्रव्यांचे चिन्ह असलेले पंप निवडावेत. इतरत्र ज्या पंपावर गर्दी असते आणि साठा लवकर फिरतो तेथे भरावे. व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवण्याच्या जाहिराती या गाडीसाठी निरर्थक आहेत, इंजेक्टर स्वच्छ राहणे मात्र महत्त्वाचे आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर अधूनमधून वरच्या फेऱ्यांपर्यंत नेणे हाही कार्बन काढण्याचा जुना आणि फुकटचा उपाय आहे.

शिळे पेट्रोल आणि इंजिनात पेट्रोलचा पूर येणे

हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये ठेवायची असेल, तर शेवटच्या फेरीआधी टाकीत स्टॅबिलायझर घालून ती पूर्ण भरावी, म्हणजे वर हवा कमी राहते आणि दमट हवेतील पाणी इथेनॉलकडे कमी खेचले जाते. इथेनॉल असलेले पेट्रोल तीन महिन्यांहून जुने झाले असेल तर त्यावर गाडी ओढू नये. अर्धी टाकी ताज्या, वरच्या प्रतीच्या पेट्रोलने भरून घ्यावी आणि पहिले काही किलोमीटर सावकाश जावे.

आरएक्स-८ सुरू न होण्याचे एक नेहमीचे कारण मात्र पेट्रोलची प्रत नसते. थंड इंजिन सुरू करून गाडी अंगणात दोन हात सरकवली आणि लगेच बंद केली, की दाट सोडलेले पेट्रोल हाउसिंगवरील तेलाचा थर धुऊन टाकते, सीलची पकड जाते, दाब बनत नाही आणि प्लग ओले होतात. त्यावर कितीही महाग पेट्रोल भरले तरी उपयोग नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून ठेवावा, त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात, आणि स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक न फिरवता, मधे त्याला विसावा देत, दोन-तीनदा प्रयत्न करावा. तरीही इंजिन पेटले नाही तर प्लग काढून सुकवावेत, प्रत्येक रोटरमध्ये थोडे तेल सोडावे आणि पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर पुन्हा सुरू करून पाहावे. हा प्रसंग वारंवार येत असेल, तर पंप बदलत न बसता रोटरी इंजिनासाठीच्या खास मीटरने दोन्ही रोटरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. साध्या पिस्टन इंजिनाचा मीटर तिन्ही बाजूंपैकी फक्त सर्वांत सशक्त बाजूचा आकडा दाखवतो, आणि दुबळे सील त्यामागे लपून राहते.